चेक : एका शब्दाचा एवढा मोठा गोतावळा

शब्दवेल्हाळ :

इंग्रजीतला "चेक" हा शब्द आपण मराठी बोलतानासुद्धा सकाळपासून रात्रीपर्यंत वापरत असतो. गॅस बंद केलास का चेक कर, मेल चेक केला का, शुगर चेक करून आले, चेक वटला का, चेक्सचा शर्ट, मुलुंड चेकनाक्याला उतर, विमानाचं चेक-इन, बुद्धिबळात चेक दिला, आणि अमेरिकेत राहणारी भावंडं हॉटेलात जेवण झालं की वेटरकडे चेक मागतात म्हणजे बिल मागतात. आता कापडावरचा चौकडा, बँकेचा कागद, तपासणी, राजाला दिलेला शह आणि जेवणाचं बिल ह्यांचा एकमेकांशी काय संबंध? ऐकणाऱ्याला वाटेल की हे चारपाच वेगवेगळे शब्द असणार आणि उच्चार योगायोगाने सारखा झाला असणार. पण तसं नाहीये, सगळे एकाच घरातले आहेत आणि ते घर आहे बुद्धिबळाच्या पटावरचं.

मूळ शब्द फारसी "शाह", म्हणजे राजा. समोरच्याच्या राजावर हल्ला झाला की खेळाडू "शाह!" म्हणून त्याला सावध करायचा. इराणातून हा खेळ अरबांकडे गेला, अरबांकडून युरोपात, तिथे लॅटिनमधे "शाह"चं "स्काक्कुस" झालं, जुन्या फ्रेंचमधे "एशेक" झालं आणि फ्रान्समधले नॉर्मन लोक इंग्लंडवर राज्य करायला लागले तेव्हा त्यांच्या भाषेबरोबर ते तिकडे जाऊन "चेक" झालं. गंमत म्हणजे त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून खेळाचं नाव "चेस" आलंय. म्हणजे चेस हे मुळात चेकचं अनेकवचन!

मग राजाला शह बसला की खेळ अडतो, खेळाडूला बाकी सगळे बेत बाजूला ठेवून आधी राजा वाचवावा लागतो, त्यावरून चेक म्हणजे अडवणं, थोपवणं. हा अर्थ चौदाव्या शतकाच्या शेवटी रुळला होता. अडवणं वरून ताब्यात ठेवणं, ताब्यात ठेवणं वरून हिशेबावर लक्ष ठेवणं, आणि त्यावरून दुसऱ्या नोंदीशी ताडून बघणं म्हणजे तपासणं, हा आपला रोजचा अर्थ सतराव्या शतकाच्या अखेरीस आला. आज आपल्याला सगळ्यात साधा वाटणारा अर्थ वयाने धाकटा आहे हे मला फार आवडलं.

बँकेच्या चेकची आणि चौकड्याची वाट वेगळी आहे, ती इथल्या जाणकारांनी सांगावी, मीही भर घालेन.

पटावरचा_उंट :

मस्त धागा! मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो त्यामुळे हा विषय एकदम जवळचा.

आपल्याकडे चेकला शह म्हणतात, आणि हा शह म्हणजे तोच फारसी शाह. त्यामुळे क्लासमधे एक मुलगा "चेक" म्हणतो आणि त्याचे आजोबा "शह" म्हणतात तेव्हा दोघंही एकच शब्द म्हणत असतात, एक इराणातून थेट आपल्याकडे आलेला आणि दुसरा बगदाद, स्पेन, फ्रान्स, इंग्लंड असा अख्खा वळसा घालून आलेला. मी हे मुलांना सांगतो तेव्हा ती पटाकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

खेळ मूळचा आपलाच, चतुरंग, म्हणजे सैन्याची चार अंगं, हत्ती घोडे रथ आणि पायदळ. फारसीत त्याचं चत्रंग झालं. अरबीत च आणि ग हे आवाज नाहीत म्हणून शत्रंज झालं. युरोपात त्याच्या दोन वाटा पडल्या. स्पेन आणि पोर्तुगालने शत्रंज हे नावच उचललं, स्पॅनिशमधे अहेद्रेथ आणि पोर्तुगीजमधे शाद्रेश. बाकीच्या बऱ्याच युरोपाने मात्र खेळाला राजाच्या हाकेवरूनच नाव दिलं, जर्मन शाख, इटालियन स्काक्की, फ्रेंच एशेक, इंग्रजी चेस. रशियन तर शाखमाती, म्हणजे शाह आणि मात दोन्ही नावात.

आपण चतुरंग सोडून बुद्धिबळ म्हणायला लागलो, पण सोंगट्यांची नावं बघा. वजीर फारसीतून आला, प्यादं फारसीतून. युरोपात वजिराची राणी झाली, आपल्याकडे तो अजून वजीरच आहे. फारसी पियादा म्हणजे पायी चालणारा, आणि इंग्रजी पॉनच्या मुळाशी लॅटिनमधला पाय आहे, म्हणजे दोन्हीकडे तो बिचारा पायदळातलाच.

आणि अधिकृत नियमात आता "चेक" तोंडाने म्हणणं बंधनकारक नाही. स्पर्धेत कोणी म्हणतही नाही. घरी खेळताना मात्र म्हटल्याशिवाय मजा येत नाही.

बाळबोध :

छान माहिती. एक शंका, चेक प्रजासत्ताक देशाचा ह्याच्याशी काही संबंध आहे का? प्रागवाले ते.

शब्दवेल्हाळ :

@बाळबोध, नाही, तो शब्द पूर्ण वेगळा. ते त्या लोकांचं स्वतःचं स्लाव्ह भाषेतलं नाव आहे, शेवटचा आवाज क नसून ख सारखा. इंग्रजीने पोलिश पद्धतीचं स्पेलिंग घेतलं आणि आपल्याकडे देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात.

समरकंद :

लेख चांगला आहे पण बँकेच्या चेकबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. अरबीत "सक्क" असा शब्द आहे, त्याचा अर्थ पैसे देण्याबद्दलचा लेखी दस्तऐवज. अब्बासी काळात, म्हणजे बगदादच्या खलिफांच्या राजवटीत, व्यापारी रोकड बरोबर घेऊन फिरायच्या ऐवजी सक्क घेऊन फिरायचे, एका शहरात लिहिलेला कागद दुसऱ्या शहरात वटवता यायचा. फारसीत चक हा शब्द आहेच. मग बँकेचा चेक ह्या सक्क किंवा चकवरून आला असं मानायला काय हरकत आहे? अर्थ तोच, उच्चार जवळचा, आणि व्यापार तर अरबांच्याच हातात होता.

नाशिककर_१ :

मी शाह शब्दाच्या अजून मागे जातो. प्राचीन इराणी शिलालेखात राजाला "क्षायथिय" म्हणतात आणि त्याचंच झिजत झिजत शाह झालं. ह्यातला "क्षाय" म्हणजे राज्य करणे, सत्ता असणे, आणि हा धातू संस्कृतमधे पण आहे, क्षत्र म्हणजे सत्ता, त्यावरून क्षत्रिय. म्हणजे भाषाशास्त्राच्या हिशेबात चेक आणि क्षत्रिय चुलत भावंडं झाली!

आणि आमच्या नाशिकचा संबंध असा की त्याच इराणी कुळातला "क्षत्रप" हा शब्द, म्हणजे प्रांताचा रक्षक किंवा सुभेदार, आपल्याकडे शकांबरोबर आला. पांडवलेण्यांमधे क्षत्रप नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे शिलालेख आहेत, दान किती दिलं, कोणाला दिलं सगळं कोरून ठेवलंय. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे ठसे मारले, नाशिकजवळ जोगळटेंभीला अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. इंग्रजीतला सॅट्रप पण तोच शब्द, ग्रीकमधून गेलेला. लेणी बघायला जाल तेव्हा क्षत्रप हा शब्द मुद्दाम शोधा.

अनघा_म :

@नाशिककर, मग छत्रपती पण ह्यातूनच का?

नाशिककर_१ :

नाही अनघाताई, छत्रपती म्हणजे छत्र अधिक पती, राज्याभिषेकात डोक्यावर धरतात ते छत्र. क्षत्रप आणि छत्रपती कानाला जवळचे वाटतात म्हणून बरेच जण जोडतात, पण दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत.

खतावणी :

मी बँकेतून निवृत्त झालो, आयुष्य चेकबुकं आणि लेजर हाताळण्यात गेलं त्यामुळे ह्या धाग्यावर लिहिणं भागच आहे. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

बँकेच्या चेककडे जायचं तर आधी बाराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका टेबलापाशी जायला लागतं. राजाचा महसूल गोळा करायचं काम परगण्यापरगण्यातले शेरीफ करायचे (आपल्या मुंबईला शेरीफ होते ना, मानाचं पद, तोच शब्द) आणि त्यांना वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेर, खजिन्यात येऊन हिशेब द्यायला लागायचा. आता अडचण अशी की तेव्हा तिथे आकडे रोमन, शून्य नाही, स्थानिक किंमत नाही, त्या आकड्यांत बेरीज वजाबाकी करून बघा म्हणजे कळेल काय त्रास आहे तो. त्यात चलन आपल्या जुन्या रुपये-आणे-पै सारखं, बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगचा एक पौंड. शिवाय शेरिफांपैकी कितीतरी जणांना लिहिता वाचता येत नव्हतं. मग उपाय काय काढला, तर एक मोठं टेबल, साधारण दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद, सोंगट्या पडू नयेत म्हणून चार बोटं उंच काठ, आणि त्यावर काळं कापड ज्यावर रेघा मारलेल्या. प्रत्येक रकान्याला किंमत ठरलेली, हा पेन्सचा, हा शिलिंगचा, हा पौंडांचा, हा वीस पौंडांचा, हा शंभरांचा, हा हजारांचा. शेरिफाने किती द्यायचंय ते एका ओळीत सोंगट्या मांडून दाखवायचं, किती दिलं ते खालच्या ओळीत मांडायचं, आणि सोंगट्या उचलत जायचं. निरक्षर माणसालाही समोर दिसतंय की बाकी किती राहिली.

चौकड्यांचं ते कापड बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं म्हणून त्या कचेरीचंच नाव पडलं "एक्स्चेकर", जुन्या फ्रेंचमधे पटाला जो शब्द होता तोच. दुसऱ्या हेन्री राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील ह्याने ११७७ च्या सुमारास ह्या कचेरीवर लॅटिनमधे एक ग्रंथ लिहायला घेतला, गुरु-शिष्य संवादाच्या रूपात. त्यात शिष्य विचारतो की हे नाव का, आणि गुरु दोन कारणं देतो. एक म्हणजे कापडाचं पटाशी साम्य. आणि दुसरं मला जास्त भावतं, तो म्हणतो की पटावर जशी दोन बाजूंत लढाई होते तशीच इथे खजिनदार आणि शेरीफ ह्यांच्यात होते आणि बाकीचे सगळे बसून बघतात. ज्याने कधी इन्स्पेक्शनच्या दिवशी ऑडिटरसमोर बसून हिशेब दाखवलाय त्याला ह्या वाक्यातलं खरेपण लगेच पटेल.

एक्स्चेकर मधला सुरुवातीचा "एक्स" हा लॅटिनमधला एक्स नाही बरं का, फ्रेंच "एस" होता, पंडितांनी तो लॅटिनच असणार असं धरून बदलून टाकला. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर म्हणतात. म्हणजे पदाच्या नावात अजून बुद्धिबळाचा पट आहे.

चहा घेऊन येतो, पुढचं लिहितो.

लंडनमधून :

काका लिहा लवकर, वाट बघतोय.

तोपर्यंत मी थोडी भर घालतो. इथल्या पंतप्रधानांचं गावाकडचं सरकारी घर, बकिंगहॅमशरमधलं, त्याचं नाव चेकर्स. १९१७ साली मालकांनी ते देशाला द्यायचं ठरवलं, आणि १९२१ पासून पंतप्रधान वापरतात. त्या जागेचा बाराव्या शतकातला मालक एक्स्चेकरमधे अधिकारी होता म्हणून हे नाव पडलं असं सांगतात, दुसरीकडे तिथे चेकर नावाची झाडं होती म्हणून पडलं असंही सांगतात. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनमधल्या व्यापार करारावर सह्या झाल्या त्या ह्याच घरात, तेव्हा मराठी बातम्यांमधे पण चेकर्स हे नाव आलं होतं. व्यापाराच्या कराराला हिशेबाच्या कचेरीचं नाव असलेलं घर, फार समर्पक वाटलं मला.

इकडे जुन्या पबना पण "द चेकर्स" हे नाव खूप ठिकाणी असतं, बाहेर चौकड्यांची पाटी.

खतावणी :

आलो. तर आता चेककडे.

शेरिफाने पैसे भरले की त्याला पावती काय द्यायची? कागद नव्हता, चामडं महाग. मग लाकडाची काठी घ्यायचे, बहुतेक हेझल झाडाची, आणि तिच्यावर खाचा पाडायचे. हजार पौंडाला तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एक पौंडाला सातूच्या दाण्याएवढी. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची, म्हणजे दोन्ही तुकड्यांवर त्याच खाचा येतात. एक तुकडा भरणाऱ्याकडे, एक खजिन्यात. पुढे वाद झाला तर दोन्ही तुकडे जोडून बघायचे, लाकडाचे रेषे जुळले आणि खाचा जुळल्या तर हिशेब खरा. ह्या काठीला म्हणायचे टॅली, लॅटिनमधे काठीला जो शब्द आहे त्यावरून. आपण म्हणतो ना "कॅश टॅली झाली", ते हेच! लाकडाचे दोन तुकडे एकमेकांत बसले.

लांब तुकड्याला स्टॉक म्हणायचे आणि आखूड तुकड्याला फॉइल. आणि आपल्या पावतीपुस्तकातली स्थळप्रत, तिला इंग्रजीत काउंटरफॉइल म्हणतात, कारण ती दुसऱ्या तुकड्याशी ताडून बघायची.

आता मुद्द्याचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, १७०६ च्या सुमारास, "चेक" हा शब्द छापील सरकारी बिलांच्या ह्या स्थळप्रतीला वापरलेला दिसतो. म्हणजे चेक हे आधी पैसे देणाऱ्या कागदाचं नाव नव्हतं, तो कागद खरा की खोटा हे ज्याच्याशी ताडून बघायचं त्या मागे राहिलेल्या तुकड्याचं होतं. मग अशी स्थळप्रत असलेल्या कागदाला चेक म्हणायला लागले, आणि हळूहळू तुकडा विस्मरणात गेला, कागद उरला. तसे बँकेवर लिहिलेले हुकूम त्याच्याही आधीचे आहेत, १६५९ मधला एक लंडनमधे जपलेला आहे, पण तेव्हा त्याला चेक हे नाव नव्हतं.

ब्रिटिश स्पेलिंगमधे शेवटी क्यू येतो तो एक्स्चेकरच्या प्रभावाने. अमेरिकनांनी साधं सी-के ठेवलं. आपल्याकडे १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा इंग्रजांनी केला म्हणून आपण क्यूवाले. त्या कायद्यात न वटलेल्या चेकसाठी फौजदारी कारवाईचं कलम १३८ बऱ्याच उशिरा, १ एप्रिल १९८९ पासून आलं, आणि त्यानंतर गावोगावच्या कोर्टात ह्या कलमाखालचे खटले किती साठले ते वकील मंडळींना विचारा. धनादेश हा शब्द आम्ही फॉर्मवर वाचायचो, काउंटरवर मात्र कोणी "धनादेश आणलाय" म्हटलेलं मला आठवत नाही.

आणि त्या टॅली काठ्यांचं काय झालं? १७८२ मधे कायदा करून त्या बंद करायचं ठरलं, प्रत्यक्षात १८२६ मधे बंद झाल्या. साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ ला हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या भट्ट्यांमधे जाळायला घेतल्या, भट्ट्या प्रमाणाबाहेर तापल्या आणि रात्री पार्लमेंटची इमारत पेटली. जवळजवळ सगळा जुना वाडा जळाला. आज आपण फोटोत बघतो ती इमारत त्यानंतर बांधलेली. सातशे वर्षांचे हिशेब आणि संसद एकाच रात्री गेली.

अनघा_म :

बाप रे. हे काहीच माहीत नव्हतं. काका, तुम्ही ह्याच्यावर स्वतंत्र धागा काढा, प्लीज.

शब्दवेल्हाळ :

खतावणीकाका, साष्टांग नमस्कार. कॅश टॅली झाली हे वाक्य आता साधेपणाने म्हणताच येणार नाही.

@समरकंद, तुमच्या सक्ककडे येतो. सक्क होते, हुंडीसारखे वापरले जायचे, ह्याबद्दल वादच नाही, आणि आर्थिक इतिहासात त्यांना मोठं स्थान आहे. पण शब्दाचा उगम शोधताना अर्थ आणि उच्चार जुळणं पुरत नाही, मधल्या पायऱ्या कागदावर दिसाव्या लागतात. इंग्रजीत ह्या शब्दाच्या पायऱ्या दिसतात, चेक म्हणजे ताडून बघणं, मग चेक म्हणजे ताडून बघायची स्थळप्रत, मग चेक म्हणजे पूर्ण कागद. अरबी सक्क ते इंग्रजी चेक ह्यामधे अशी साखळी दाखवता येत नाही, आणि अमेरिकन स्पेलिंग तर अजूनही तपासणीच्या चेकसारखंच आहे. म्हणून प्रमुख इंग्रजी शब्दकोश बुद्धिबळाच्या बाजूने कौल देतात, मलाही तेच पटतं.

समरकंद :

पायऱ्यांचा मुद्दा मान्य. पण माझं म्हणणं एवढंच की कागदावर पैसे फिरवायची कल्पना पूर्वेकडे आधी होती हे लोकांना कळलं पाहिजे. आणि तुमच्या हिशेबाने शब्द फारसीच निघाला, त्यामुळे माझं दुःख अर्धं कमी झालं :)

टाके_आणि_टिपा :

मी कापडाच्या बाजूने लिहिते. चेक्स म्हणजे चौकडा, हा अर्थ सरळ पटावरून, चेकर म्हणजे पट आणि त्याचं आखूड रूप चेक, साधारण १४०० च्या आसपासचं. विणताना ताण्यात ठरावीक अंतराने रंगीत धागे लावायचे आणि बाण्यात पण त्याच अंतराने, म्हणजे आडवे उभे पट्टे एकमेकांना छेदून चौकोन तयार होतात. जिथे दोन्ही रंगीत धागे भेटतात तिथे रंग गडद, जिथे एकच रंगीत तिथे फिकट, म्हणून साध्या दोन रंगांत विणलेल्या चेक्सला तीन छटा दिसतात. छापलेल्या चेक्समधे हे होत नाही, म्हणजे छटा मुद्दाम छापायला लागते. कापड उलटं करून बघा, विणलेलं असेल तर दोन्ही बाजू सारख्या.

मराठीत आपल्याकडे चौकडीचं लुगडं, चौकड्याचा पंचा, हे शब्द होतेच. दुकानात मात्र आता "मोठ्या चेक्समधे दाखवा" असंच म्हणतात सगळे.

माडाखाली :

गोव्यातून. आमच्याकडची कुणबी साडी लाल-पांढऱ्या चौकड्यांचीच, म्हणून टाके_आणि_टिपांची पोस्ट आवडली. आणि वर कोणीतरी पोर्तुगीज शाद्रेशचा उल्लेख केलाय त्यात एक भर, पोर्तुगीजमधे बुद्धिबळाला शाद्रेश आणि चौकड्याच्या कापडालाही शाद्रेशच. इंग्रजीने शाह घेतला, पोर्तुगीजने शत्रंज घेतलं, शब्द वेगळे पण खेळावरून कापडाकडे जायची उडी दोघांनीही तीच मारली. ब्राझीलमधे तर तुरुंगाला पण बोलीभाषेत शाद्रेश म्हणतात, गजांच्या जाळीवरून.

बाळबोध :

अमेरिकेतलं बिल राहिलं ना? आणि विमानतळावरची चेक-इन बॅग?

खतावणी :

दोन्ही त्या स्थळप्रतीचीच पिल्लं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रेल्वेने सामान पाठवताना पितळी बिल्ल्यांची जोडी असायची, एक सामानाला बांधायचा, एक प्रवाशाच्या हातात, उतरल्यावर नंबर जुळवून सामान घ्यायचं. त्या बिल्ल्याला बॅगेज चेक म्हणायचे. त्यावरून सामान "चेक" करणं म्हणजे तपासणं नाही, तर बिल्ला घेऊन स्वाधीन करणं. थिएटरात कोट ठेवतात तो कोट चेक पण तसाच. हॉटेलातला चेक म्हणजे काय खाल्लं त्याची लिहिलेली चिठ्ठी. आणि रेन चेक म्हणजे बेसबॉलचा सामना पावसाने रद्द झाला तर पुढच्या सामन्याला दाखवायचा तिकिटाचा तुकडा, १८८० च्या दशकातला शब्द. आता कोणी जेवायला बोलावलं आणि जमत नसेल तर "रेन चेक घेतो" म्हणतात, म्हणजे आत्ता नाही, पुन्हा कधीतरी नक्की.

कोडकरी :

आमच्या क्षेत्रातला पण एक चेक. आधार नंबरातला बारावा, शेवटचा आकडा हा चेक डिजिट असतो. आधीच्या अकरा आकड्यांवरून व्हेरहॉफ नावाच्या पद्धतीने तो काढतात, त्यामुळे फॉर्म भरताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटेसुलटे झाले तर प्रोग्रॅमला सर्व्हरकडे न विचारताच कळतं की नंबर चुकीचा आहे. काकांची चिरलेली काठी वाचताना हेच डोक्यात आलं, आधीच्या आकड्यांचा जोडीदार नंबरातच बरोबर ठेवलाय, जुळला तर पुढे जा.

पटावरचा_उंट :

मात बद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून परत आलो. चेकमेट म्हणजे "शाह मात". ह्याचा अर्थ "राजा मेला" असा सगळीकडे सांगतात, कारण अरबीत "माता" म्हणजे तो मेला. पण फारसीतला मात म्हणजे हतबल झालेला, काही सुचेनासा झालेला, कोंडला गेलेला, आणि आजचे अभ्यासक ह्या अर्थाकडे जास्त झुकतात. खेळाच्या दृष्टीनेही तोच बरोबर बसतो. बाकी सगळ्या सोंगट्या मारतात, पटावरून उचलतात, पण राजा कधीच मारला जात नाही. तो आपल्या घरात उभा असतो आणि त्याला हलायला जागा नसते, तिथेच डाव संपतो. हा नियम इतका सुंदर आहे की त्याला "मेला" म्हणणं मला आवडत नाही.

आणि मराठीने मात शब्दाचं केवढं सोनं केलंय! संकटावर मात केली, आजारावर मात केली, प्रतिस्पर्ध्यावर मात केली. राजकारणाच्या बातम्यात शहकाटशह रोजचंच. जुन्या देशी पद्धतीच्या खेळात प्याद्याने मात केली तर त्याला प्यादेमात म्हणायचे आणि तो फार मानाचा विजय समजायचे. इंग्रजीने शाह मधून डझनभर अर्थ काढले पण मातला पटावरच ठेवलं, आपण दोन्ही शब्द पटाबाहेर आणले पण शहला डावपेचापुरता ठेवून मातला मोठं केलं.

अनघा_म :

ऑस्ट्रेलियात सगळे एकमेकांना "मेट" म्हणतात (माझी बहीण तिकडे असते), तो हाच मेट का?

शब्दवेल्हाळ :

नाही, तो जर्मनिक भाषांमधला वेगळा शब्द. त्याचं मूळ अन्नाशी आहे, एकत्र जेवणारा तो मेट. इंग्रजी मीट शब्दाचा अर्थ पण आधी नुसतं अन्न असाच होता, मांस हा अर्थ नंतरचा. म्हणजे एक मेट पटावर कोंडणारा आणि एक पंगतीला बसणारा.

"अडवणं" ह्या अर्थाबद्दल मी सुरुवातीला थोडक्यात लिहिलं, पण तो अजून किती जिवंत आहे ते बघा. शिकारीच्या कुत्र्यांचा वास सुटून ती थबकली की त्याला चेक म्हणायचे. आइस हॉकीत अंगाने धडक देऊन अडवतात तो बॉडी चेक. राज्यघटनेच्या चर्चेत चेक्स अँड बॅलन्सेस म्हणतात तिथे चेक म्हणजे तपासणी नाही, तो लगाम आहे, संसद, सरकार आणि न्यायालय ह्यांनी एकमेकांना थोपवायची सोय. मराठीत त्याचं भाषांतर करताना काही जण "तपासण्या आणि समतोल" करतात तेव्हा सगळा अर्थच सांडतो, "नियंत्रण" किंवा "अंकुश" पाहिजे. तसंच "अनचेक्ड" म्हणजे न तपासलेलं पण आणि बेलगाम पण, संदर्भ बघूनच ठरवायचं. भाषांतराचं काम करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं अशी मनापासून विनंती.

आपल्या चेकनाक्यात तर दोन्ही अर्थ आहेत, गाडी अडवायची पण आणि माल तपासायचा पण. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली, तरी दहिसर आणि मुलुंडला बसमधे "चेकनाका" हाच स्टॉप मागतात लोक.

लंडनमधून :

फ्रेंच शिकतोय म्हणून हे टाकतो. फ्रेंचमधे एशेक अनेकवचनात बुद्धिबळ, आणि एकवचनात त्याचा रोजचा अर्थ अपयश. परीक्षेत, धंद्यात, प्रयोगात आलेलं अपयश, सगळ्याला एशेक. त्यांनी राजाला बसलेल्या शहाकडे हरणाऱ्याच्या बाजूने बघितलं. आणि बँकेच्या चेकला मात्र फ्रेंचांनी इंग्रजांकडून शेक हा शब्द परत उसना घेतला, क्यू सकट, त्यामुळे त्यांच्याकडे तोच शब्द दोन वेगळ्या दारांनी आत आलाय.

खतावणी :

@लंडनमधून, हे उत्तम. जर्मनांनी पण चेक असाच इंग्रजांकडून घेतला, त्यांच्याकडे शाख वेगळा आणि शेक वेगळा.

अनघाताई, स्वतंत्र धागा काढतो, टॅली काठ्या आणि आपल्याकडची हुंडी दोन्ही घेऊन. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, हुंडी हरवली तर काढायच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रती म्हणजे पैठ आणि परपैठ, हे सगळं लिहायचंय. ज्यांच्या घरी जुन्या हुंड्या किंवा मोडीतल्या वह्या असतील त्यांनी फोटो काढून ठेवा.